मधलं कुंपण

लाईट काही आता लवकर येत नाही, आणि झोपही तुमच्यापैकी कुणाला आलेली दिसत नाही, म्हणून सांगतो. ज्याला हसायचं असेल त्यानं आत्ताच हसून घ्यावं. ही माझ्या साडूची गोष्ट आहे, तुमच्या काकूच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याची. बाकी सगळं त्याच्या तोंडून ऐकलेलं, पण शेवटचं मी समोर उभं राहून पाहिलेलं.

साडू माळीकाम करतो. हाताचे पंजे असे रुंद की लोक त्याला फावड्याच म्हणतात. बायको रागावली की तीही तेच म्हणते. भुताखेतांशी त्याला कधी देणंघेणं नव्हतं. म्हणायचा, "मी दिवसभर माती उकरतो. खाली काय असतं ते मला विचारा. गांडुळं असतात."

तर एका मंगळवारी त्याला घरांच्या दलालाचा फोन आला. एका मास्तरीणबाईंचं घर विकायचं होतं. बाई निवृत्त, बासष्ट वर्षांच्या, गुडघे कामातून गेलेले. घरात एकट्याच. लेकीजवळ जाऊन राहायचं ठरलं होतं. शनिवारी सकाळी नऊला एक नवराबायको घर पाहायला येणार होते, आणि घरामागची बाग म्हणजे नुसतं रान झालं होतं.

दलाल बोलायला फटकळ. म्हणाला, "गिऱ्हाईक भिंती नंतर बघतं, बाग आधी बघतं. मागचं दार उघडल्याबरोबर बाईमाणसाच्या तोंडातून 'अगंबाई' निघालं पाहिजे. तेवढं निघालं की घर गेलंच समज."

साडूनं बुधवारपासून काम धरलं. कमरेएवढं गवत कापलं. वाळलेल्या फांद्या तोडल्या, गुलाबांची छाटणी केली, वाटेच्या विटांवरचं शेवाळ तारेच्या ब्रशनं खरवडून काढलं. फुटक्या कुंड्या बाहेर, रंगवलेल्या आत. गुरुवारी संध्याकाळी बागेला रूप आलं. राहिलं होतं एकच. मागच्या दाराच्या पायरीपासून थेट टोकाच्या भिंतीपर्यंत, बागेच्या बरोब्बर मधून, मेंदीचं एक जुनं कुंपण गेलेलं होतं. अकरा झुडपं, छातीएवढी उंच. पलीकडच्या अर्ध्या बागेत जायचं तर घराला वळसा घालून बोळातून जावं लागे.

दलाल म्हणाला, "हे काढायचं. बागेचे दोन तुकडे दिसतात."

बाई दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "माझ्या आजीनं लावलंय ते."

"आजी येणार आहेत का घर घ्यायला?"

बाई हसल्या नाहीत. कुंपणाकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "विकायचंच आहे सगळं... काढा." आणि आत निघून गेल्या.

शुक्रवार. चौदा नोव्हेंबर. साडूनं सकाळी पहिल्या झुडपाला टिकाव घातला. एरवी असली झुडपं तो तासाभरात भुईसपाट करतो. ही येईनात. मुळं एकमेकांत अशी गुंतलेली, जशा दोन मुठी आवळल्यात. पहार घालून उचकटावं तर पहार निसटे. टिकावाचा दांडा मोडला. कोयता घसरून तळहात कापला, चिंधी बांधून पुन्हा लागला. अकरावं झुडूप उपटेपर्यंत दुपारचे तीन वाजले. जिवंत झाड फेकायचा त्याला जीव होत नाही, म्हणून त्यानं सगळी झुडपं मुळांच्या गोळ्यासकट टोकाच्या भिंतीला रचली आणि वर ओलं गोणपाट टाकलं. दुसऱ्या कुणाच्या तरी दारात लावू, असा विचार. चर बुजवला, जमीन सारखी केली.

आता वर हिरवळ अंथरायची होती. तयार लॉन मिळतं ना, चटईसारखं गुंडाळून येतं, तसलं. टेम्पो चारला यायचा तो वाटेत बिघडला, आणि आला साडेसातला. त्या गुंडाळ्या रात्रभर तशाच ठेवल्या तर आतून तापतात, सकाळी पिवळ्या पडतात. आणि गिऱ्हाईक नऊला दारात. म्हणजे रात्रीच अंथरणं आलं.

साडूनं बांबूला मोठा दिवा बांधला आणि बसला. बाईंनी चहा दिला. दहा वाजता म्हणाल्या, "मी पडते, माळीदादा. निघताना तेवढा दिवा बंद करा."

अकरा वाजून दहा मिनिटांनी शेवटची गुंडाळी उलगडली. भिंतीपासून भिंतीपर्यंत एक अखंड हिरवी बाग. साडूला स्वतःलाच बरं वाटलं. पाइपनं पाणी मारलं. अवजारं भिंतीला टेकवून ठेवली, फावडं, टिकाव, पहार, कोयता. बायकोला फोन केला. "अर्ध्या तासात निघतो. भात झाकून ठेव." फाटक घराच्या बाजूला होतं, तिथवर जायला हिरवळ तुडवावी लागली असती. पाणी जरा मुरू द्यावं म्हणून तो भिंतीपाशी उकिडवा बसला.

अकरा वीस.

आधी गवत हललं. वारा नव्हता. उजव्या हाताला, अलीकडच्या अर्ध्यात, नव्या हिरवळीचा एक तुकडा खाली दबला. पाणी बाहेर आलं. पच्च... असा आवाज. साडूला वाटलं, मांजर असेल. बघतो तर मांजर नाही. काहीच नाही.

मग त्याच्यापुढं दुसरा तुकडा दबला.

दिव्याच्या उजेडात त्याला स्पष्ट दिसलं. टाच. पाच बोटं. अनवाणी, मोठ्या माणसाचं पाऊल. गवत दबलं ते वर आलंच नाही.

डाव्या बाजूलाही तसंच. पच्च... पच्च... दुसरी पावलं. पलीकडच्या अर्ध्यातून येणारी.

दोन्ही पावलं बागेच्या मधोमध आली. सकाळपर्यंत जिथं कुंपण होतं, तिथं. समोरासमोर. हातभर अंतरावर. आणि थांबली.

साडूनं भिंतीकडं हात नेला, हाताशी काहीतरी असावं म्हणून. फावडं होतं. टिकाव होता. पहार नव्हती. कोयता नव्हता.

पहिला घाव ऐकू आला तो लोखंडावर लोखंडाचा. कान बधिर करणारा. दुसराही तसाच. तिसरा... तिसरा लोखंडावर नव्हता. ओला होता. खाटकाच्या दुकानात ऐकू येतो तसा.

आणि एक माणूस किंचाळला.

पोरांनो, साडू सांगतो, मारामाऱ्या त्यानं पुष्कळ पाहिल्यात. पण मारामारीत माणसं दम खायला थांबतात, शिव्या देतात, कुणीतरी मागं सरतं. इथं तसलं काही नव्हतं. इथं नुसता मार होता. पहार हवेत फिरताना घुमायची. कोयता खाली येताना शिट्टी वाजायची. पावलं एकमेकांभोवती फिरत होती आणि हिरवळीच्या चिंध्या उडत होत्या. मातीचे गोळे त्याच्या तोंडावर येऊन आदळत होते. वास सुटला होता. गरम, लोखंडी.

तो पळाला. फाटकाच्या दिशेनं, भिंतीला खेटून. तीन पावलंही गेला नसेल. पहारीचं टोक कुठून आलं ते दिसलंच नाही. बरगडीत बसलं. तो आडवा झाला. दुसरा फटका त्याच्या डोक्यावरून गेला आणि बांबूवरच्या दिव्याला लागला. काचा उडाल्या.

अंधार. चंद्र उगवायला अजून वेळ होता.

त्याला कुणी मारायला आलेलं नव्हतं, एवढं त्याला कळलं. तो वाटेत आला होता, इतकंच. त्या दोघांना तो दिसतही नव्हता. आणि हेच जास्त भयंकर होतं. माणूस माणसाला घाबरवू शकतो, पाया पडू शकतो. यांच्या पाया कोण पडणार?

तो रांगत टोकाच्या भिंतीशी गेला. भिंत छातीएवढी. बरगडी दाबून त्यानं अंग वर ओढलं. एक पाय पलीकडं टाकला. सुटला होता तो. नुसती उडी मारायची बाकी होती.

तेवढ्यात मागचं दार उघडलं.

"माळीदादा? काय फुटलं?"

बाई. हातात बॅटरी.

"बाई, आत जा! दार लावा!"

बाई आत गेल्या नाहीत. एक पायरी उतरल्या. बॅटरीचा उजेड हिरवळीवर पडला. उजेडात गवत फाटत होतं, माती उडत होती, आणि हवेत एका जागी, क्षणभर... शर्टाची बाही दिसली. हात दिसला. मग वर एक चेहरा वळला. त्या चेहऱ्याला एक बाजू होती. दुसरी... नव्हती.

बाईंनी बॅटरी तिथंच धरून ठेवली. मागं सरल्या नाहीत. आणि त्या बोलल्या तो आवाज बासष्ट वर्षांच्या बाईचा नव्हता, साडू सांगतो. लहान पोरीचा होता.

"बाबा... पुरे ना. काका... पुरे."

कोणी थांबलं नाही. घाव पायरीच्या दिशेनं सरकले. पावलं मागं मागं जात होती, एक दुसऱ्याला रेटत होतं. थेट बाई उभ्या होत्या तिथं. आणि बाई जागच्या हलेनात.

साडू भिंतीवरून खाली उतरला. अलीकडं. का उतरलास, म्हणून मी त्याला कितीदा विचारलं. तो म्हणतो, विचार करायला वेळ कुठं होता?

तो धावला. वाकून, डोकं खाली घालून. बाईंना त्यानं कमरेला धरलं आणि पायरीच्या बाजूला लोटून दिलं. त्याच वेळी वरून काहीतरी आलं. डाव्या खांद्यावर बसलं. कडाड... असा आवाज त्यानं स्वतःच्या कानांनी ऐकला. डोळ्यांपुढं पांढरं झालं. डावा हात लोंबायला लागला.

बाई मातीत पडल्या होत्या. तिथूनच त्यांनी त्याचा शर्ट धरला.

"झुडपं कुठं टाकलीत?"

"बाई, पळा..."

"झुडपं! आजीनं ह्यांच्यासाठीच लावली होती. कुठं आहेत?"

"भिंतीला. गोणपाटाखाली."

"आणा. एकेक आणा. मी माती लोटते."

आणि त्यांनी लावायला घेतली. एक बासष्ट वर्षांची बाई, गुडघ्यांवर. एक एकहाती माळी. दुपारीच उकरलेली माती, म्हणून बरं. हिरवळ फाडायची, खड्डा करायचा, झुडूप ठेवायचं, बाईंनी दोन्ही हातांनी माती लोटायची. पुन्हा भिंतीपर्यंत रांगत जायचं. डोक्यावर पहार घुमते आहे. केसांना वारा लागतो आहे.

पहिलं झुडूप पायरीशी लागलं. काही फरक नाही.

दुसरं. तिसरं.

चौथ्याला घाव पायरीपासून लांब गेले.

साडूच्या लक्षात आलं. झुडूप लागलं की तिथून ते एकमेकांपर्यंत पोचत नव्हते. उघड्या जागेकडं सरकत होते. आणि उघडी जागा जेवढी अरुंद होत होती, तेवढा मार जोरात पडत होता. जसं कुणाला ठाऊक होतं की वेळ थोडा उरलाय.

सातवं लावताना कोयता त्याच्या टाचेजवळ मातीत रुतला. मुठीपर्यंत. आणि मग आपोआप वर निघाला.

आठवं. नववं. बाईंची नखं उलटली होती. त्या रडत नव्हत्या. दर झुडपाला एवढंच म्हणत होत्या, "दाबा. नीट दाबा."

दहावं.

आता फक्त टोकाच्या भिंतीशी एका झुडपाची जागा उरली. दीड हाताची फट. आणि त्या फटीत... शांतता.

घाव थांबले होते. किंकाळ्या थांबल्या होत्या. ते दोघं तिथंच होते. फटीच्या या बाजूला एक. त्या बाजूला एक.

साडूला अकरावं झुडूप घेऊन त्यांच्या मध्ये शिरायचं होतं.

"माळीदादा," बाई म्हणाल्या, "नाही जमलं तर..."

तो गेला. झुडूप छातीशी धरून. गुडघे टेकले. उजव्या गालावर श्वास लागला. गरम. डाव्या गालावर श्वास लागला. गरम. दोन्हीकडून काहीतरी थेंब थेंब त्याच्या मानेवर पडत होतं. त्यानं वर पाहिलं नाही. एका हातानं माती उकरली. उकरली. मुळं आत गेली. माती लोटली. तळहातानं दाबली.

दाबली...

उजवीकडं लोखंड खाली पडल्याचा आवाज झाला.

मग डावीकडं.

मग काही नाही.

पहाटेचे पावणेचार.

दोघं पायरीवर बसून राहिले. उजाडल्यावर बाईंनी सांगितलं. चोपन्न वर्षांपूर्वी त्यांचे बाबा आणि काका याच बागेत भांडले होते. फुलांचा एक वाफा होता, त्याची कड हातभर इकडं की हातभर तिकडं, एवढ्यावरून. सख्खे भाऊ. एकाच्या हाती पहार, दुसऱ्याच्या हाती कोयता. दोघंही तिथंच संपले. मागच्या दारात आठ वर्षांची पोर उभी होती. तिनं "पुरे" म्हटलं होतं. कुणी ऐकलं नव्हतं. दोघांना उचलून नेलं त्याच दिवशी आजीनं मधोमध कुंपण लावलं. शेजारणीनं विचारलं, आता कशाला? आजी म्हणाली, "जिवंतपणी लावलं नाही, आता तरी लावते."

"मला वाटायचं म्हातारी दुःखानं भ्रमिष्ट झाली," बाई म्हणाल्या. "चोपन्न वर्षं मी त्या कुंपणाला पाणी घातलं, आणि परवा तुम्हाला काढा म्हटलं. तुमचा जीव गेला असता, दादा."

साडू म्हणाला, "तुमचाही."

साडेआठला दलाल आला. फाटलेली हिरवळ, वाकडंतिकडं कुंपण, रक्तामातीनं माखलेली दोन माणसं. तो बघतच राहिला.

"हे काय? रेडे झुंजले की काय इथं रात्री?"

बाई उठल्या. गुडघ्यांना धरून, पण ताठ. शाळेत वर्ग गप्प करायच्या तशा आवाजात म्हणाल्या, "हे कुंपण इथंच राहणार. खरेदीखतात तसं लिहायचं. ज्याला पटेल त्यानं घर घ्यावं. नाही पटलं तर मी मरेपर्यंत इथंच राहीन आणि पाणी घालीन."

नऊला नवराबायको आले. नवऱ्यानं तोंड वाकडं केलं. बायको मात्र कुंपणापाशी गेली, पानांवरून हात फिरवला. म्हणाली, "पोरांना भांडायला बरं. एक इकडं, एक तिकडं." दलाल हसला. बाई आणि साडू हसले नाहीत. घर गेलं. कागदावर अट लिहिली. कुंपण आजही आहे, अकराच्या अकरा झुडपं जगली.

सोमवारी मी साडूला हाडांच्या डॉक्टरकडं घेऊन गेलो. खांदा सुजलेला, काळानिळा, हात वर होईना. फोटो काढला. डॉक्टरांनी तो उजेडावर धरला. बराच वेळ धरला. मी त्यांच्या बाजूलाच उभा होतो. गळ्याखालचं हाड मधोमध मोडून वाकडं जुळलेलं, जोडावर हाडाची मोठी गाठ. मलासुद्धा दिसली.

"हे मोडून किती वर्षं झाली?" डॉक्टरांनी विचारलं.

साडू म्हणाला, "साहेब, शुक्रवारी रात्री."

"छे. सूज नवी असेल. हाड जुनं आहे. तेव्हा नीट बांधलंच नाही कुणी, तसंच जुळून आलंय." त्यांनी फोटो पुन्हा वर धरला. "पन्नास वर्षं तरी सहज झाली असतील. लहानपणी कुठं पडला होतात का?"

साडूनं उजव्या हातानं गळ्याखालची ती गाठ चाचपली.

साडूचं वय शेहेचाळीस.